कळ, संकेत आणि अर्थ : व्हिडिओ संपादनासाठी प्रोग्रॅमेबल मेकॅनिकल कळफलक

प्रास्ताविक

या घटकाचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी मार्कंडादेव येथील मंदिरसमूहावर वर्गासाठी एक लहान चित्रफीत मी स्वतः संपादित केली. चामोर्शी तालुक्यातील वैनगंगेकाठचे हे स्थान महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. चित्रण ठीक होते, निवेदनही ठीक होते. परंतु वर्गात पडद्यावर पहिलेच शीर्षक आले, ‘मार्कंडा : शिल्पवैभवरकत’, आणि मागच्या बाकांवरून हसू ऐकू आले. हे ‘रकत’ आले कुठून? मी ते टंकलेले नव्हते. निदान मला तसे वाटत होते.

घडले होते ते असे. व्हिडिओ संपादनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चित्रफीत मागे नेण्यासाठी ‘जे’, थांबविण्यासाठी ‘के’ आणि पुढे नेण्यासाठी ‘एल’ ही कळ दाबतात. शीर्षक लिहून झाल्यावर मजकुराची चौकट बंद न करताच मी सवयीने या तीन कळा दाबल्या. संगणकावर मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा चालू होता. त्यात ‘जे’च्या जागी ‘र’, ‘के’च्या जागी ‘क’ आणि ‘एल’च्या जागी ‘त’ असतो. माझ्या बोटांनी ‘मागे, थांब, पुढे’ असे म्हटले आणि संगणकाने ‘र, क, त’ असे ऐकले.

चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध स्वाभाविक नसतो, तो संकेताने ठरतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण मागे अभ्यासले आहे. कळफलकावर हे प्रतिपादन बोटांखाली अनुभवता येते. आणि जो कळफलक वापरणाऱ्याच्या इच्छेनुसार बदलता येतो, म्हणजेच प्रोग्रॅमेबल असतो, तो हा संकेत ठरविण्याचा अधिकार आपल्या हाती देतो. तो अधिकार व्हिडिओ संपादनात कसा वापरावा, आणि मराठी शीर्षके लिहिणाऱ्याने त्यात कोणती काळजी घ्यावी, हा या घटकाचा विषय आहे.

कळ दाबल्यावर नेमके काय पाठविले जाते?

पुष्कळांचा समज असा असतो की ‘क’ची कळ दाबली की संगणकाकडे ‘क’ जातो. तसे होत नाही. यूएसबी कळफलक संगणकाला फक्त एक क्रमांक कळवितो. तो क्रमांक जागेचा असतो, अक्षराचा नसतो. इंग्रजी ‘ए’ लिहिलेल्या कळीचा क्रमांक ४, ‘बी’चा ५, या क्रमाने ‘झेड’चा २९. म्हणजे जे, के, एल यांचे क्रमांक अनुक्रमे १३, १४ व १५. ‘१४’ हा क्रमांक आल्यावर त्याचा ‘के’ करायचा, ‘क’ करायचा की चित्रफीत थांबवायची, हे संगणकातील कार्यप्रणाली आणि त्या क्षणी समोर असलेले सॉफ्टवेअर ठरविते. देवनागरी ‘क’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहे, पण कळफलकाच्या क्रमांकांच्या यादीत तो नाही. कळफलकाला मराठी येत नाही. त्याला इंग्रजीही येत नाही.

मार्तिने या फ्रेंच भाषावैज्ञानिकाने मानवी भाषेची रचना दुहेरी असते असे मांडले. खालच्या पातळीवर स्वनिम असतात. त्यांना स्वतःचा अर्थ नसतो, ते केवळ अर्थभेद करतात. वरच्या पातळीवर अर्थयुक्त रूपिम असतात. कळेचा क्रमांक हा स्वनिमासारखा आहे. १४ला अर्थ नाही, तो १३ वा १५ नाही एवढेच त्याचे मोल. क्रमांकांची ठरावीक मालिका एका आज्ञेत बांधली की तिला अर्थ येतो. अशा बांधलेल्या मालिकेला व्यवहारात मॅक्रो म्हणतात. ही तुलना फार ताणू नये. भाषेतील रूपिम समाज घडवितो, मॅक्रो एक माणूस एका संध्याकाळी घडवितो. पण पुढचे विवेचन समजण्यास ती उपयोगी पडेल.

यंत्राची रचना

सामान्य कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकल कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो : एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूचे दोन संपर्कबिंदू. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकात आले आणि आज बहुतेक उत्पादक त्याच धर्तीवर स्विच बनवितात. साधारण स्विचची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरवरच संदेश जातो. तळापर्यंत दाबावे लागत नाही, आणि दिवसभर काम करणाऱ्या बोटांना हा फरक जाणवतो.

स्विचचे प्रकार रंगांनी ओळखले जातात. लाल रंगाचा सरळ खाली जातो व त्याला सुमारे ४५ ग्रॅम भार पुरतो. तपकिरी मध्येच किंचित अडतो. निळा अडतो आणि ‘टक्’ असा आवाजही करतो. निळ्याचे चाहते पुष्कळ आहेत. तथापि ज्या खोलीत संपादन चालते त्याच खोलीत निवेदनाचे ध्वनिमुद्रणही होत असेल, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या स्टुडिओत बहुधा तसेच असते, तर निळा स्विच घेऊ नये.

कळा अनेक, तारा मात्र थोड्या. ६० कळांसाठी ६० तारा न ओढता कळा ५ आडव्या ओळींत व १२ उभ्या रांगांत मांडल्या की १७ तारांत काम भागते. कळफलकातील सूक्ष्म नियंत्रक एकेक ओळ फार वेगाने तपासत राहतो. या जाळ्यात एक दोष संभवतो. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकत्र दाबल्या तर चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी भासते. तो टाळण्यासाठी प्रत्येक स्विचबरोबर एक डायोड बसवितात. संपादकाला याचे महत्त्व का, तर अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘के’ दाबून धरून ‘एल’ दाबले असता चित्र अतिशय संथ पुढे सरकते आणि कटाची अचूक जागा सापडते. एकाच वेळी अनेक कळा बिनचूक ओळखल्या गेल्या तरच अशा संयुक्त क्रिया भरवशाच्या होतात.

येथवरचे गुण कोणत्याही चांगल्या मेकॅनिकल कळफलकात असतात. ‘प्रोग्रॅमेबल’ हा गुण वेगळा आहे. त्यात नियंत्रकावरचा कार्यक्रम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो आपल्याला बदलता येतो. क्यूएमके हे या क्षेत्रातील प्रसिद्ध मुक्तस्रोत फर्मवेअर आहे, आणि व्हिया या साधनाने पडद्यावर कळ निवडून तिचे काम बदलता येते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

या बदलाचा एक परिणाम आपल्यासारख्यांसाठी विशेष मोलाचा आहे. मांडणी कळफलकाच्या आतल्या स्मृतीत साठते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही, आणि कळफलक दुसऱ्या संगणकाला जोडला तरी ती सोबत जाते. दूरशिक्षणाचे आपले अनेक विद्यार्थी स्वतःच्या संगणकावर काम करीत नाहीत. दिवसा मालकाच्या स्टुडिओतील, रात्री मित्राच्या दुकानातील, कधी अभ्यासकेंद्रातील, असे ते फिरते काम असते. दुसऱ्याच्या संगणकातील रचना बदलणे अयोग्य, आणि पुष्कळदा परवानगीही नसते. अशा वेळी स्वतःची मांडणी पिशवीतून नेता येते.

पाच तासांचे नाटक

संपादनात कळफलकाला एवढे महत्त्व का, हे आपल्या भागातील उदाहरणाने पाहू. झाडीपट्टीची रंगभूमी ही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांची ओळख आहे. वडसा हे तिचे केंद्र. धानाची कापणी झाली की हंगाम सुरू होतो, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अलीकडे या नाटकांचे चित्रण होते आणि ते घराघरांतील मोबाइलवर पाहिले जाते.

आता हिशेब करू. नाटक ५ तासांचे आहे आणि चित्रण सेकंदाला २५ चौकटींच्या गतीने झाले आहे, असे धरा. एकूण चौकटी झाल्या साडेचार लाख. दोन कॅमेरे असतील आणि सरासरी दर १० सेकंदांनी एकावरून दुसऱ्यावर जायचे असेल, तर १,८०० कट द्यावे लागतील. प्रत्येक कटासाठी माउसच्या तीन हालचाली म्हटल्या तरी ५,४०० हालचाली होतात. त्या प्रत्येक वेळी उजवा हात कळफलकावरून उठतो, माउस शोधतो, परत येतो. हंगामात असे काम एकामागून एक येते. मनगट, अंगठा आणि खांदा यांच्या दुखण्याची तक्रार स्टुडिओत काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने केली तेव्हा मी त्याचा कळफलक पाहिला. अक्षरे पुसली गेली होती आणि चार कळांवर नेलपॉलिशचे ठिपके होते. ते ठिपके म्हणजे त्याने स्वतः घडविलेली मांडणीच होती, फक्त यंत्राला तिची खबर नव्हती.

त्याने नंतर एक लहान, नऊ कळांचा प्रोग्रॅमेबल फलक घेतला. अशा लहान फलकाला मॅक्रोपॅड म्हणतात. डाव्या हाताखाली तो ठेवून कॅमेरा एक, कॅमेरा दोन, कट, मागे, थांब, पुढे, खूण, पूर्ववत आणि मजकूर एवढ्याच क्रिया त्यावर बसविल्या. पूर्ण आकाराच्या कळफलकापेक्षा हा खर्च कमी, आणि माझ्या मते आरंभ असाच करावा. हेही सांगितले पाहिजे की बहुतेक संपादन सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट बदलण्याची सोय मुळातच असते. संगणक स्वतःचा आणि एकच असेल तर आधी ती वापरून पाहावी. पैसे त्यानंतर खर्च करावेत.

नाटकाच्या संपादनात बोलीचा प्रश्नही येतो. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारला जातो. पात्र ‘पानी’ म्हणते आणि उपशीर्षकात ‘पाणी’ उमटते, हे बोलीचे भाषांतर झाले, लेखन झाले नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘न’ ‘व्ही’च्या जागी आहे आणि ‘ण’ शिफ्टसह ‘सी’च्या जागी. हाताला लागलेली प्रमाणलेखनाची सवय येथे जाणीवपूर्वक आवरावी लागते. त्यावर कोणत्याही कळफलकाचा इलाज नाही.

मांडणीला व्याकरण हवे

प्रोग्रॅमेबल कळफलक हाती आला की पहिला मोह होतो तो प्रत्येक कळेवर काहीतरी बसविण्याचा. क्यूएमकेमध्ये एकावर एक ३२ पर्यंत स्तर रचता येतात. स्तर बदलला की तीच कळ वेगळे काम करते, जसे ‘कर’ हे एकच रूप वाक्यानुसार हात, सारा किंवा क्रियापद होते. पहिल्या आठवड्यात चाळीस मॅक्रो रचणारे आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांतले पस्तीस विसरणारे मी पाहिले आहेत. शब्दांची यादी पाठ केल्याने भाषा येत नाही. नियम लागतो.

नियमबद्ध मांडणीचा उत्तम नमुना आपल्याजवळच आहे. टंकलेखन यंत्रावरील मराठीची रेमिंग्टन मांडणी अक्षराच्या आकारावर आधारलेली होती : अर्धी अक्षरे वेगळी, काना वेगळा, आणि ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी, कारण कागदावर तो आधी दिसतो. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी टंकलेखनाच्या वर्गात ३० आणि ४० शब्दगतीच्या मराठी परीक्षा दिल्या. आपल्यातील वयाने मोठे असलेले विद्यार्थी त्या वर्गाचा खडखडाट विसरले नसतील. इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ मध्ये प्रमाणित झाली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. ती आकारावर नव्हे, ध्वनीवर उभी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण साध्या कळेवर, त्याचाच महाप्राण शिफ्टसह : ‘के’वर क, शिफ्टसह ख, ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. स्वरचिन्ह साध्या कळेवर, स्वतंत्र स्वर शिफ्टसह. म्हणजे शिफ्ट ही कळ येथे नुसती ‘दुसरे अक्षर’ देत नाही. व्यंजनांत ती महाप्राणत्व हे स्वनवैशिष्ट्य दाखविते. आपण पाणिनीय परंपरेतील वर्गरचना शिकतो, तीच येथे बोटांना शिकविली जाते.

चामोर्शीसारख्या ठिकाणी या तत्त्वाचा आणखी एक लाभ दिसतो. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत, तर सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते. लग्नाच्या चित्रफितीवर एका घरी मराठी नावे हवीत, दुसऱ्या घरी बंगाली. इनस्क्रिप्ट सर्व भारतीय लिप्यांसाठी एकाच ध्वनिक्रमाने रचलेला असल्याने ‘के’च्या जागी बंगालीतही ‘क’च असतो आणि तेलुगूतही. लिपी बदलते, बोटे तेथेच राहतात. गोंडीसाठी बहुधा देवनागरी वापरली जाते. तिच्या मसराम आणि गुंजाला या लिप्या युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये आल्या.

संपादनाचा स्तर रचताना हेच तत्त्व उचलावे. साध्या कळेवर लहान क्रिया, शिफ्टसह त्याच जातीची मोठी क्रिया. प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये याची बीजे आहेतच : ‘आय’ने आरंभबिंदू ठरतो, शिफ्टसह ‘आय’ने त्या बिंदूवर जाता येते, बाणाने एक चौकट सरकते, शिफ्टसह बाणाने अनेक. मागे नेणारे सारे डाव्या बाजूला आणि पुढे नेणारे सारे उजव्या बाजूला ठेवले की आठवण्याचा भार उरत नाही. पुसणारी कळ मात्र इतरांपासून दूर असावी. हे व्याकरण नव्हे, अनुभव आहे.

आणखी एक सोय भाषेच्या विद्यार्थ्याला गमतीची वाटेल. एकच कळ चटकन दाबून सोडली तर एक काम आणि दाबून धरली तर दुसरे, असे ठरविता येते. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, तसाच हा कालमानाचा भेद आहे. क्यूएमकेमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची सीमा सामान्यतः २०० मिलिसेकंद असते. सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने ती बरोबर पाच चौकटींएवढी होते. रात्री दोनला थकलेला हात मंदावतो आणि ऱ्हस्व दीर्घ होऊ लागतो. ‘कट’ म्हणायचे ते ‘स्तर बदला’ असे होते. सीमेचा आकडा वाढविता येतो, तो आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यावा. अंकलिपीतल्या आकड्याप्रमाणे तो अढळ नाही.

मराठी शीर्षके आणि आंधळा संदेशवाहक

आता ‘रकत’कडे परत येऊ. माझी चूक दोन कारणांनी झाली. मजकुराची चौकट उघडी होती, हे एक. दुसरे असे की संगणकाची भाषा आणि माझ्या मनातील भाषा वेगळ्या होत्या. चौकट बंद असतानाही दुसरे कारण त्रास देते. काही सॉफ्टवेअर शॉर्टकट ओळखताना कळेची जागा पाहतात, त्यांना मराठी चालू असल्याने फरक पडत नाही. काही मात्र उमटणारे अक्षर पाहतात. त्यांना ‘के’ऐवजी ‘क’ मिळाला की ते गप्प बसतात, आणि संपादकाला वाटते संगणक अडकला.

उपाय म्हणून एक कळ अशी रचतात की ती भाषा बदलण्याचा संदेश पाठवील आणि त्याच वेळी कळफलकाचा स्तरही बदलेल. शीर्षक लिहिण्यापूर्वी ती दाबायची, लिहून झाले की पुन्हा दाबायची. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. कळफलक संगणकाशी बोलतो. कॅप्स लॉकच्या दिव्यासारख्या एक-दोन गोष्टी सोडल्या तर संगणक त्याला उलट काही सांगत नाही. संगणकावर या क्षणी मराठी आहे की इंग्रजी, हे कळफलकाला ठाऊक नसते. ‘भाषा बदल’ हा सापेक्ष संदेश आहे. कोणी माउसने मध्येच भाषा बदलली की त्यानंतरचा प्रत्येक संदेश उलटा पडतो : कळफलक शीर्षकाच्या स्तरावर, संगणक इंग्रजीत.

म्हणून संदेश निरपेक्ष हवा. ‘बदल’ नव्हे, तर ‘मराठी कर’ आणि ‘इंग्रजी कर’ असे दोन वेगळे संदेश. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र कळसंयोग देता येतो, उदाहरणार्थ डावी ऑल्ट, शिफ्ट आणि १ म्हणजे मराठी. डावी ऑल्ट, शिफ्ट आणि २ म्हणजे इंग्रजी. कळफलकाची ‘मजकूर’ कळ पहिला संयोग पाठवील, ‘संपादन’ कळ दुसरा. आधी काहीही असो, परिणाम निश्चित राहतो. ‘संपादन’ कळेत भाषेच्या संदेशाआधी मजकुराची चौकट बंद करणारी कळही घालावी. बहुतेक ठिकाणी ती एस्केप असते, तरी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा तपासून घ्यावी. हे केले असते तर माझे शिल्पवैभव सुरक्षित राहिले असते. फिरत्या संगणकावर मात्र हे संयोग तेथेही लावून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी मालकाला विचारावे लागते.

आज्ञांसाठी एक पर्यायी वाटही आहे. एफ१३ ते एफ२४ या कळांचे क्रमांक यूएसबीच्या यादीत आहेत, पण सामान्य कळफलकावर या कळा नसतात. त्या कोणत्याही भाषेचे अक्षर उमटवीत नाहीत. कट, खूण यांसारख्या क्रिया यांवर बसविल्या तर भाषेचा गोंधळ मुळातूनच टळतो. काही सॉफ्टवेअर या कळा स्वीकारीत नाहीत, म्हणून मांडणी रचण्यापूर्वी एक कळ लावून पाहावी.

मराठी लेखनासाठी एक मॅक्रो मी आवर्जून सुचवितो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांतही अंतर आहे. पडद्यावरील शीर्षकांत मात्र ‘दुसर्या’, ‘सार्यांना’, ‘नवर्या मुलीचा’ असे सर्रास दिसते. यात लिहिणाऱ्याचे अज्ञान नेहमीच नसते, पुष्कळदा ती कळ कोठे आहे हे ठाऊक नसते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबले की ‘ऱ’ येतो, त्यानंतर ‘डी’ने हलन्त आणि मग ‘य’. शिफ्ट-जे आणि डी एवढी मालिका एका कळेवर बांधली तर अर्धा ‘ऱ्’ एका स्पर्शात मिळतो. लग्नपत्रिकेच्या चित्रफितीत ‘नवऱ्या मुलीचा’ हे शब्द शुद्ध उमटविण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

ही मालिका जागांची आहे, अक्षरांची नाही, हे विसरू नये. रेमिंग्टन आराखडा चालू असलेल्या संगणकावर तीच कळ काहीतरी भलतेच उमटवील. ज्यांचा हात रेमिंग्टनवर बसला आहे त्यांनी आपली मालिका त्या आराखड्याप्रमाणे बांधावी. केवळ कळफलक नवा म्हणून जुना हात मोडण्याचे कारण नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटव्यवस्थेत काम करणाऱ्यांची अडचण निराळी असते. तेथे पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाँट काढून घेतला तर खाली वेगळीच अक्षरे असू शकतात. युनिकोडमध्ये लिहिलेले शीर्षक शोधता येते, उपशीर्षकांच्या धारिकेत तसेच नेता येते. शक्य तेथे युनिकोडच वापरावे. संपादन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटत असतील तर दोष कळफलकात शोधू नये. ॲडोबी प्रीमियरमध्ये, उदाहरणार्थ, मजकुरासाठी दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडावा लागतो.

मॅक्रोबद्दल दोन सावधगिरीच्या सूचना. मॅक्रो आंधळा असतो. समोर काय उघडे आहे हे न पाहता तो आपली मालिका म्हणून टाकतो. संगणक जुना व संथ असेल तर चौकट उघडण्याआधीच मजकूर धावतो, म्हणून मालिकेत मध्ये थोडा विराम घालावा लागतो. आणि संकेतशब्द मॅक्रोत कधीही साठवू नये. जो कळ दाबील त्याला तो मिळेल, आणि कळफलक तर आपण दुकानोदुकानी नेणार आहोत.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. ‘कळफलकाला मराठी येत नाही’ हे विधान यूएसबीच्या क्रमांकांच्या आधारे स्पष्ट करा.

२. इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या मांडण्यांतील तत्त्वभेद सांगा. ऱ्हस्व इकाराचे उदाहरण घ्या.

३. ‘भाषा बदल’ आणि ‘मराठी कर’ या दोन संदेशांत कोणता अधिक भरवशाचा, आणि का?

उपक्रम

संपादनाचे काम करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीशेजारी अर्धा तास बसा. तिचा उजवा हात कळफलकावरून माउसकडे किती वेळा जातो हे कागदावर रेघा ओढून मोजा आणि प्रत्येक वेळी कोणत्या कामासाठी गेला ते थोडक्यात लिहा. सर्वाधिक वेळा आलेली पाच कामे निवडून नऊ कळांच्या फलकाची आकृती काढा. उरलेल्या चार कळा रिकाम्या ठेवा. ती व्यक्ती मराठीत शीर्षके लिहीत असेल, तर तिच्याकडून ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ हे तीन शब्द लिहून घ्या व प्रत्येकासाठी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या त्याची नोंद करा. आकृती आणि नोंद पुढील संपर्कसत्रास सोबत आणावी.